एका चाकराचे दोन धनी : ख्रिस्ती श्रद्धा आणि आजचा चंगळवाद

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले. मानवी गरजा अमर्याद असतात, साधने मात्र मर्यादित असतात, असा त्याचा आशय होता. आम्ही सर्वांनी ते वहीत उतरवून घेतले आणि पुढे परीक्षेत त्यावर प्रश्नही आला. योगायोग असा, की त्याच आठवड्यातल्या रविवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत शेतकऱ्याचा दृष्टांत घेतला. या शेतकऱ्याला उदंड पीक आले, कोठारे अपुरी पडली. जुनी कोठारे पाडावीत, मोठी बांधावीत, सगळे धान्य त्यांत भरावे आणि मग निवांत चैन करावी, असा बेत त्याने मनाशी केला. पण त्याच रात्री त्याचा प्राण मागून घेतला गेला. येशूने त्या शेतकऱ्याला मूर्ख ठरवले आहे.

एक गुरू सांगतात, गरजांना अंत नाही. दुसरे सांगतात, ज्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही तो मूर्ख. मी वहीत काय लिहावे?

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. अशा शंका घरी विचाराव्यात तर आईवडिलांना शाळा फारशी लाभली नाही, आणि वर्गात विचाराव्यात तर भीड वाटते. म्हणून वर्षभर ग्रंथालयात बसून जे वाचले, चर्चमध्ये जे ऐकले आणि घरात जे पाहिले, त्याचा हा हिशोब मांडत आहे. विषय ख्रिस्ती श्रद्धेचा असला तरी त्यातला प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाचा नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

चंगळ म्हणजे काय?

मराठीत तीन शब्द आहेत : गरज, हौस आणि चंगळ. अंगावर सदरा असणे ही गरज आहे. सणाला नवा सदरा शिवणे ही हौस आहे. आधीचे दहा सदरे असताना केवळ शेजाऱ्याने घेतला म्हणून अकरावा घेणे ही चंगळ. हौस माणसाला आनंद देते आणि संपते. चंगळ मात्र संपत नाही, कारण तिचे मूळ वस्तूत नसून तुलनेत असते. शेजाऱ्यांना संपण्याची सोय नाही, म्हणून चंगळीलाही नाही.

चंगळ करणारी माणसे पूर्वीही होती. राजे होते, सरदार होते. पण चंगळ वेगळी आणि चंगळवाद वेगळा. ‘वाद’ म्हटला की त्यात जीवनाचे तत्त्वज्ञान येते. माणसाची किंमत तो काय आहे यावर नसून तो काय विकत घेऊ शकतो यावर आहे, हे ते तत्त्वज्ञान. कारखान्यात माल अफाट तयार होऊ लागला, तेव्हा तो खपवण्यासाठी माणसाच्या मनात रोज नवी उणीव निर्माण करणे भाग पडले. जाहिरातीचे काम हेच. ती वरवर वस्तू दाखवते. प्रत्यक्षात ती आपल्याला आपले उणेपण दाखवते. आपल्या देशात १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर बाजार खुला झाला, दुकाने वाढली, पुढे मोबाइलमुळे दुकान खिशातच आले. यातून पुष्कळांना रोजगार मिळाला, वस्तू स्वस्त झाल्या, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पूर्वी आठवड्याच्या बाजाराला एक वार होता. आता बाजाराला वारच उरला नाही.

मान्ना, शब्बाथ आणि भाकर

बायबलच्या निर्गम या पुस्तकात एक कथा आहे. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक रानात उपाशी मरू लागले, तेव्हा देवाने त्यांना मान्ना नावाचे अन्न दिले. ते रोज सकाळी जमिनीवर पडलेले असे. अट एकच होती : ज्याने त्याने त्या दिवसापुरतेच गोळा करावे. काहींनी हावेपोटी उद्यासाठी ठेवले, तर सकाळी त्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्यास परवानगी होती आणि ते नासत नसे, कारण सातवा दिवस शब्बाथाचा, विसाव्याचा होता.

ही कथा मी लहानपणी संडे स्कूलमध्ये चमत्कार म्हणून ऐकली. आता वाचताना ती मला अर्थशास्त्राची वाटते. गुलामांना मालकाची कोठारे भरण्याचीच सवय होती. स्वतंत्र माणसाने किती घ्यावे, हे त्यांना नव्याने शिकावे लागले. शब्बाथाची आज्ञाही तशीच आहे. त्या दिवशी मालकाला विसावा, तसाच चाकराला, परक्याला आणि गुराढोरांनाही. आठवड्यातला एक दिवस असा, की ज्या दिवशी कोणी कोणाचा मजूर नाही. पुढे लेवीय पुस्तकात योबेल वर्षाची व्यवस्था सांगितली आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, म्हणजे एका पिढीच्या कर्जाने पुढच्या सर्व पिढ्या भूमिहीन होऊ नयेत. ही व्यवस्था प्रत्यक्षात कितपत पाळली गेली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु अशी कल्पना धर्मग्रंथात असणे हीच मोठी गोष्ट होय.

येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले, की एका चाकराला दोन धन्यांची सेवा करता येत नाही. देव आणि धन यांतून एकाची निवड करावी लागते. येथे ‘धन’ या अर्थी मूळ ग्रीक ग्रंथात ‘मामोन’ हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे. जणू ते कोण्या देवाचे नावच असावे! धन ही वस्तू राहते तोवर ती आपली चाकर असते. ती धनी झाली की आपण चाकर होतो. पौलानेही तीमथ्याला लिहिताना दोष द्रव्याला दिलेला नाही, द्रव्याच्या लोभाला दिला आहे.

येशू आनंदाचा वैरी नव्हता, हेही सांगितले पाहिजे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा त्याने पाण्याचा द्राक्षारस केला. तो जकातदार जक्कयाच्या घरी जेवायला गेला. त्या एका भेटीनंतर जक्कयाने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. उलट, सर्व आज्ञा पाळणारा एक श्रीमंत तरुण आपली मालमत्ता सोडवेना म्हणून खिन्न होऊन परत गेला. दोघेही धनवान होते. एकाची मूठ उघडली, दुसऱ्याची उघडली नाही.

आणि प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही रोज काय मागतो? मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी तेथे ‘भाकर’ हा शब्द योजला आहे, तोही रोजच्यापुरता. वर्षाची नव्हे, आजची भाकर. शिवाय ती ‘माझी’ नसून ‘आमची’ आहे. शेजारी उपाशी असेल तर ती प्रार्थना अर्धीच राहिली, असा त्याचा अर्थ मी लावतो.

श्रद्धा आणि संपत्ती : एक जुना पेच

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत लोक जमीनजुमला विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवत आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे ते वाटले जात, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील कैसरिया येथे बासिल नावाचे धर्माध्यक्ष होऊन गेले. वर सांगितलेल्या कोठारांच्या दृष्टांतावरच त्यांचे एक प्रवचन प्रसिद्ध आहे. त्यांचे म्हणणे असे, की तुझ्या पेटीत पडून असलेला अंगरखा हा वस्त्रहीनाचा आहे आणि तू दडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे. दान म्हणजे उपकार नव्हे, ती परतफेड आहे. बाराव्या-तेराव्या शतकात असिसीचे फ्रान्सिस यांनी, एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा असूनही, अंगावरचे कपडे वडिलांना परत केले आणि दारिद्र्य हेच व्रत मानले.

परंतु मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते जॉन वेस्ली (१७०३–१७९१) या इंग्रज धर्मोपदेशकाने. त्याच्या एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशोब येतो. तो तरुण स्वतः वेस्लीच असावा असे मानले जाते. पहिल्या वर्षी त्याची मिळकत तीस पौंड होती. अठ्ठावीस पौंडांत त्याने भागवले, दोन दान केले. दुसऱ्या वर्षी मिळकत साठ झाली. त्याने पुन्हा अठ्ठावीसच खर्च केले आणि बत्तीस दान केले. मिळकत वाढत गेली, खर्च मात्र अठ्ठावीसच राहिला. आपल्याकडे पगार वाढला की गरजा वाढतात. त्याच्याकडे पगार वाढला की दान वाढले.

याच वेस्लीला उतारवयात एक भीती वाटू लागली होती. श्रद्धा माणसाला कष्टाळू आणि काटकसरी बनवते. कष्ट आणि काटकसर यांतून संपत्ती येते. संपत्ती आली की गर्व आणि सुखासीनता येते, आणि मग श्रद्धा क्षीण होते. म्हणजे श्रद्धाच आपल्या नाशाचे बीज पेरते की काय? पुढे माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४–०५ साली प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांच्या संबंधावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात वेस्लीच्या या विचाराची दखल घेतलेली आहे. वेस्लीचे उत्तर सरळ होते : प्रामाणिकपणे मिळवा, जपून वापरा, पण तेथेच थांबू नका, देऊन टाका. पहिल्या दोन गोष्टी जगाने उचलल्या. तिसरी मागे राहिली.

आपल्या मातीतले दाखले

आमचे गाव नगर जिल्ह्यातले. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला आपले केंद्र उघडले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तेथूनच १८४२ मध्ये निघाले. या भागातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वीच्या महार आणि मांग समाजांतून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागोपाठ दुष्काळ पडले; त्या काळी मिशनने अन्नछत्रे उघडली, कामे काढली, अनाथ मुले सांभाळली. त्यावरून आमच्या पूर्वजांना एक टोमणा ऐकावा लागला, आणि तो अधूनमधून मलाही ऐकू येतो : ‘यांनी भाकरीसाठी धर्म बदलला.’

या टोमण्याची मला पूर्वी लाज वाटे. आता वाटत नाही. ज्यांना पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, शाळेत बसायला जागा नव्हती, त्यांनी माणुसकीने पुढे केलेली भाकर घेतली असेल तर त्यात त्यांची अप्रतिष्ठा ती काय? येशूनेही पाच हजारांना उपदेश केला तो त्यांना जेवू घालूनच. लाज वाटायची तर ती वेगळ्याच गोष्टीची वाटली पाहिजे. आजोबा उपाशी होते. मी उपाशी नाही. पोट भरलेले असताना मी एखाद्या वस्तूसाठी आपली श्रद्धा गहाण टाकली, तर तो टोमणा माझ्या बाबतीत खरा ठरेल.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याची उत्तरे देणारी माणसे होऊन गेली आहेत. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि त्यापायी संसार कसा ओढावा लागे, याचे खुसखुशीत वर्णन लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये केले आहे. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. कर्जखते इंद्रायणीत बुडवणारे तुकोबा आणि पगार सोडणारे टिळक यांची वाट मलाही फार वेगळी वाटत नाही. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो स्त्रियांना आणि मुलींना आसरा दिला. तेथे शेती, विणकाम, छापखाना अशी कामे उभी राहिली आणि निराधार स्त्रिया कष्टाची भाकर खाऊ लागल्या.

अगदी अलीकडचे उदाहरण वसईचे. मुंबईच्या वाढीबरोबर तेथल्या केळीच्या आणि पानाच्या बागांना सोन्याचे मोल आले. अशा वेळी जमीन ही केवळ विकायची वस्तू नाही, पाणी आणि झाडे ही पुढच्या पिढीची ठेव आहे, असे सांगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात उभे राहिले. पुढे २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्यातून एक गोष्ट कळते. चंगळवादाला विरोध म्हणजे केवळ स्वतःपुरता साधेपणा नव्हे. कधीकधी तो रस्त्यावर येऊन करावा लागतो.

बाजार देवळात शिरतो तेव्हा

बाजार बाहेर राहिला असता तर प्रश्न सोपा होता. तो आत येतो, आणि तोही सणाच्या दाराने. संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा येथील धर्माध्यक्ष. एका गरीब बापाला तीन मुलींच्या लग्नाचा खर्च झेपत नव्हता, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. देणाऱ्याने आपले नाव कळू दिले नाही, हे त्या कथेचे मर्म. याच निकोलसांचा अमेरिकेत सांताक्लॉज झाला. १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्याचे गुबगुबीत, हसरे रूप जगभर नेले. आता तो दुकानाच्या दारात उभा राहून सवलतीचे कागद वाटतो. गुपचूप देणारा संत जाहीरपणे विकणारा झाला.

आमच्या गावातही नाताळ पूर्वी कंदील, कॅरल आणि घरोघरच्या करंज्यांचा असे. आता नवे कपडे घेता आले नाहीत म्हणून काही मुले उपासनेलाच येत नाहीत. लग्नात कर्ज काढून डीजे लावला जातो. काही उपदेशक तर असे सांगतात, की श्रद्धा खरी असेल तर देव गाडी देईल, बंगला देईल. ज्याला डोके टेकायला जागा नव्हती, त्याच्या नावाने हे सांगितले जावे याचे नवल वाटते. असे ऐकून गरीब माणूस दुप्पट दुःखी होतो : आपण गरीबही आणि आपली श्रद्धाही खोटी!

“आम्ही आणखी काय सोडायचे?”

येथे एक आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. हा लेख लिहीत असल्याचे कळल्यावर वसतिगृहातला माझा एक मित्र म्हणाला, “अरे, ज्यांच्याकडे आहे त्यांनी साधेपणावर लिहावं. आपल्या बापजाद्यांनी जन्मभर साधेपणाच केला. आपण आणखी काय सोडायचं?”

त्याचे म्हणणे खोटे नाही. साधेपणा आणि दारिद्र्य एक नव्हेत. साधेपणा निवडता येतो. दारिद्र्य लादलेले असते. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य समाजातील स्त्रियांना उद्देशून भाषण केले. जातीची खूण पटवणारे लुगडे नेसण्याचे जुने वळण सोडा, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा, असे त्यांनी बजावले. ज्यांना चांगले वस्त्र नेसण्याची मनाई होती त्यांनी ते नेसणे ही चंगळ नव्हे, तो मानवी हक्क होय. म्हणून पहिल्यांदा चांगला सदरा घालून महाविद्यालयात येणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून कोणी त्याग शिकवू नये.

पण मित्राच्या बोलण्याला दुसरी बाजूही आहे. बाजाराला आमच्या प्रतिष्ठेची ही भूक नेमकी ठाऊक आहे. तो आम्हांला प्रतिष्ठा देत नाही, ती हप्त्याने विकतो. हे मी पुस्तकात वाचले नाही. हे आमच्या घरी घडले.

बारा हप्ते

प्रथम वर्षाला प्रवेश घेतल्यावर मी मोबाइलचा हट्ट धरला. अभ्यासाला लागतो, हे कारण खरे होते. परंतु सात-आठ हजारांच्या फोनवर अभ्यास झाला असता. मला वर्गातल्या मुलांसारखा हवा होता. तालुक्याच्या एका दुकानात ‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी होती. वडिलांनी सही केली. रोखीने तोच फोन १६,५०० रुपयांना मिळत होता. हप्त्याने १,५०० चे बारा, म्हणजे १८,००० रुपये, आणि वर कागदपत्रांचे ६०० रुपये. बिनव्याजी म्हणवणाऱ्या त्या व्यवहारात २,१०० रुपये जास्त गेले. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. हे मी नंतर वाचले. सही करताना आम्हां दोघांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते.

वडील मजुरीवर जातात. पावसाने खंड पडला की मजुरी थांबते; हप्ता थांबत नाही.

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण असतो. जो तो आपल्या शेतातले, परसातले पहिले काही आणतो : बाजरी, भोपळा, अंडी, कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. हा लिलाव पाहण्यासारखा असतो. चाळीस रुपयांचा भोपळा सातशेला जातो, आणि घेणारा तो पुन्हा लिलावाला परत देतो. बाजारात घेणारा किंमत पाडतो. येथे घेणाराच ती वाढवतो, कारण त्याला भोपळा नको असतो, द्यायचे असते. आमच्याकडे शेत नाही. आई दरवर्षी या सणासाठी दोन कोंबड्या राखून ठेवते आणि त्या दिवशी स्वतः हातात धरून वेदीपर्यंत नेते. तिच्या वर्षातला तो एक दिवस असा, की ज्या दिवशी ती मागणारी नसते, देणारी असते.

मी शिकलेला म्हणून लिलावाची यादी लिहायला मला बसवले होते. घरोघरची नावे लिहीत गेलो. आमच्या घराचे नाव आले आणि पुढे लिहायला काही नव्हते. आई आलीच नव्हती; कंबर दुखते म्हणाली होती. संध्याकाळी धाकट्या बहिणीने सांगितले, की कोंबड्या आठवड्यापूर्वीच बाजारात विकल्या. हप्त्याची तारीख होती.

आईने मला आजवर याबद्दल एक शब्द बोललेला नाही. पण ‘दोन धनी’ म्हणजे काय, हे मला त्या कोऱ्या जागेने शिकवले. मी काही मूर्ती पुजली नव्हती, चर्चला जाणे सोडले नव्हते. तरीही आमच्या घरातले देवाचे अर्पण दुसऱ्याच धन्याकडे गेले होते.

मूठभर धान्य

मग करायचे काय? मोबाइल फोडून टाकायचा का? तो आजही माझ्याजवळ आहे आणि या लेखातले काही वाचन मी त्यावरच केले. शेवटचे चार हप्ते मात्र मी संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करून फेडले. वस्तू टाकून देणे हे उत्तर नव्हे. फेकून देण्याची संस्कृती हाच तर चंगळवादाचा दुसरा चेहरा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याकडेच जगाचे लक्ष वेधले होते. वस्तू लवकर टाकण्याची सवय लागली, की माणसेही टाकाऊ वाटू लागतात.

मला दोन उदाहरणे मार्गदर्शक वाटतात. पहिले मिझोरामचे. तेथील ख्रिस्ती घरांत स्त्रिया प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. हा तांदूळ गोळा करून विकला जातो आणि चर्चचे काम चालते. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत आजही चालू आहे. तिचे मर्म हे, की जिच्या घरी रोज चूल पेटते अशी कोणतीही बाई दाता होऊ शकते. त्याच मिझोराममध्ये हमरस्त्याच्या कडेला दुकानदार नसलेली दुकाने आहेत. भाजी मांडलेली असते, किंमत लिहिलेली असते. पैसे डब्यात टाकून माल न्यावा. बाजार विश्वासावरही चालू शकतो, याचा हा जिवंत पुरावा.

दुसरे उदाहरण साखरेचे, आणि आम्हां साखरेच्या जिल्ह्यातल्यांना ते रुचावे. १७९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध चळवळ करणाऱ्यांनी वेस्ट इंडीजमधली, गुलामांच्या श्रमाने तयार झालेली साखर न खाण्याचे आवाहन केले. सुमारे तीन लाख लोकांनी ती सोडली, असा त्या काळच्या कार्यकर्त्यांचा अंदाज होता. यात क्वेकर पंथाचे लोक आणि गृहिणी आघाडीवर होत्या. केवळ त्यामुळे गुलामगिरी संपली नाही; कायदे १८०७ आणि १८३३ साली झाले. पण कपातल्या चमचाभर साखरेमागे कोणाचे तरी रक्त असू शकते, ही जाणीव तेथून रुजली. आजही ती लागू आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि तयार कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतले अकराशेहून अधिक कामगार मेले. परदेशातल्या दुकानांत स्वस्त मिळणाऱ्या कपड्यांची किंमत कोणीतरी दुसरीकडे मोजली होती.

या सगळ्यातून मी स्वतःपुरते तीन प्रश्न तयार केले आहेत. काही विकत घेण्यापूर्वी ते विचारतो. हे मला हवे आहे की मला हवे आहे असे कोणी ठरवले आहे? याची किंमत माझ्याऐवजी दुसरे कोणी मोजत आहे का? आणि हे घेतल्यावर माझी देण्याची मूठ उघडी राहील का? प्रत्येक वेळी मी उत्तीर्ण होतो असे नाही. पण दुकानाच्या पायरीवर क्षणभर थांबायला शिकलो, एवढे खरे.

समारोप

वर्षाअखेरीस धीर करून मी अर्थशास्त्राच्या सरांना माझी शंका विचारली. ते हसले आणि म्हणाले, “अरे, गरजा अमर्याद आहेत असं शास्त्र सांगतं. त्या सगळ्या भागवाव्यात असं कुठं सांगितलंय? साधनं मर्यादित आहेत म्हणून निवड करावी लागते, आणि अर्थशास्त्र हे निवडीचंच शास्त्र आहे.” म्हणजे फळ्यावरचे वाक्य आणि रविवारचे प्रवचन यांत मला वाटला तेवढा विरोध नव्हता. दोघेही मला एकाच ठिकाणी आणून सोडत होते : निवड कर. शास्त्र सांगते, निवड अटळ आहे. श्रद्धा सांगते, निवडताना कोणाला धनी मानतोस ते पाहा.

माझे बहुसंख्य वाचकमित्र ख्रिस्ती नाहीत, आणि त्यांनी व्हावे म्हणून मी हे लिहिलेले नाही. अपरिग्रह शिकवणारे महावीर, तृष्णेतून दुःख उपजते हे सांगणारे बुद्ध, जकात फर्ज मानणारा इस्लाम, आणि इंद्रायणीच्या काठचे आपले तुकोबा, यांपैकी कोणाच्या ना कोणाच्या छायेत आपण सगळे वाढलो आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माझ्यासारखीच एखादी हप्त्याची तारीख असेल आणि न बोलणारी आईही असेल. त्यांनी आपापल्या गुरूला हाच प्रश्न विचारून पाहावा.

यंदाच्या हंगामाच्या सणाला यादी लिहायला पुन्हा मलाच बसवले होते. आमच्या घराच्या नावापुढे मी लिहिले : कोंबड्या, दोन. आई पहिल्या रांगेत बसली होती.